जाण्याआधीच गेलेली बायको

बायको पलीकडच्या देशात जायच्या आधीच तिच्या पासपोर्टवर 'गेली' असा शिक्का मारून ठेवावा, ही कल्पना मला सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सुचली. डबा संपला होता, खिडकी बंद होती आणि शाईचा पॅड नवा कोरा होता. (माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या चुका पोट भरलेलं असताना झाल्या आहेत. लग्नाला होकारही मी जेवून उठल्यावरच दिला होता. हे वाक्य घरी कुणी वाचून दाखवू नये.)

मी सीमेवरच्या पुलाच्या आमच्या टोकाला तीन नंबरच्या खिडकीत बसतो. एकोणीस वर्षं बसतोय. आमच्या गावच्या लोकांना पलीकडे सात दिवसांपर्यंत जायला व्हिसा लागत नाही. जाताना आमचा शिक्का, पूल ओलांडला की त्यांचा शिक्का, येताना पुन्हा तसंच उलट, बस्स. मात्र सातावर आठवा दिवस झाला, की राजधानीतून व्हिसा आणावा लागतो आणि त्याला तीन आठवडे लागतात. अशा आठव्या दिवसवाल्यांना मी आजवर खिडकीतून जे काही ऐकवलंय, त्यामुळे बायको मला घरात 'नियमराव' म्हणते.

माझी मेहुणी पलीकडे राहते. तिचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण. सासूबाई गेल्या तेव्हा ती सात वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं बायकोनेच केलं. "ताई, तू असशील ना गं?" एवढं एकच ती फोनवर विचारायची, आणि बायको रोज तेवढंच उत्तर द्यायची, "असणार म्हणजे असणारच."

सोमवारी संध्याकाळी बायको निघणार होती. संध्याकाळी पुलावर दोन तासांची रांग असते आणि तिचे गुडघे दुखतात. पासपोर्ट माझ्या बॅगेत होता. मी म्हटलं, चला, एवढं तरी करू या तिच्यासाठी. शिक्का मारला, चांगला दाबून मारला, खाली सही केली, कॉम्प्युटरमध्ये नोंदही केली आणि प्रेमळ नवरा म्हणून स्वतःवरच खूश झालो.

घरी पोचतो तर बायकोची भरलेली बॅग रिकामी होत होती. मेहुणीचा फोन आला होता. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा आहे, ताईने रजा आत्ताच कशाला घालवायची? बायकोने पासपोर्ट माझ्याकडून घेऊन कपाटात ठेवला. शिक्क्याचं मी काही बोललो नाही. फ्रीजमधली उरलेली भाजी जशी दुसऱ्या दिवशी चालते, तसा शिक्काही पुढच्या आठवड्यात चालेल, अशी माझी समजूत.

पुढच्या मंगळवारी सकाळी साडूचा फोन आला. "ताई, हिला दवाखान्यात आणलंय. लगेच निघा!"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही रिक्षाने पुलावर आलो. तीन नंबरच्या खिडकीत माझ्या जागी नवी मॅडम बसली होती. दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली ही मुलगी मीच तयार केली आहे. आमच्या रांगेत पुढे पाच-सहाच माणसं होती. मी बायकोला म्हटलं, "बघ, आपलंच ऑफिस. दोन मिनिटांत पार."

नव्या मॅडमने पासपोर्ट उघडला, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि पासपोर्ट मिटून बायकोसमोर ठेवला.

"तुम्ही गेलेल्या आहात."

"कुठे?" बायको म्हणाली.

"पलीकडे. मागच्या सोमवारी, एक वाजून वीस मिनिटांनी."

"अहो, मग ही तुमच्यासमोर कोण उभी आहे?"

"ते मला सांगता येणार नाही. माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं, असं आमच्या सरांनी शिकवलंय."

"कोण सर?"

नव्या मॅडमने अतिशय आदराने माझ्याकडे बोट दाखवलं.

बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तिचे डोळे इतके मोठे होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

"मग आत्ता पुन्हा जाऊ द्या," ती म्हणाली.

"गेलेल्या माणसाला पुन्हा कसं जाता येईल? आधी परत यावं लागेल."

"मी परत आलेलीच आहे! गेलेच नव्हते!"

"परत आल्याचा शिक्का नाही. म्हणजे शिक्क्याशिवाय आलात." मॅडमचा आवाज खाली आला. "आणि आज आठवा दिवस. म्हणजे तिकडेही मुदतीपेक्षा जास्त राहिलात. मॅडम, ही घुसखोरी होते."

मागे रांगेतल्या एका बाईंनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

"आणि घुसखोराला आसरा देणाऱ्यावरही कारवाई होते," मॅडम पुढे म्हणाली. (हा नियमही मीच शिकवला होता, आणि तोही उदाहरणासकट.) "गेले आठ दिवस तुम्हाला आसरा कुणी दिला?"

"आसरा?" बायको ओरडली. "घर माझ्या नावावर आहे! आसरा मी ह्यांना दिलाय!"

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. साडू. "ताई, कुठवर आलात?"

"पुलापर्यंत."

"अरे वा! कुठल्या टोकाला?"

बायकोने फोन माझ्या हातात दिला. मी साडूला सांगितलं, की सरकारी हिशेबाने ती तुमच्याकडे आठ दिवसांपूर्वीच पोचली आहे, पण प्रत्यक्षात माझ्या शेजारी उभी आहे. तो म्हणाला, "दादा, मी आधीच खूप घाबरलेलो आहे. सोपं काहीतरी बोला."

आरडाओरडा ऐकून मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब नियमाचं पुस्तक वाचताना एक चष्मा लावतात आणि माणसांशी बोलताना दुसरा. त्यांनी पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा बदलायचाही विसरले.

"ही सही तुमची. बाई समोर नसताना शिक्का मारलात?"

इथे मला एक पळवाट दिसत होती. बाई आल्या होत्या, गेल्या होत्या, मला काही माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तर माझी नोकरी सुरक्षित होती. तोंड उघडलंही होतं. पण बायको आता ओरडत नव्हती. पिशवीचा बंद दोन्ही हातांत घट्ट धरून ती नुसती पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धाकटी तिकडे वाट बघतेय आणि आपण दिलेला शब्द मोडतोय, याचंच ते पाणी होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"साहेब, मीच मारला," मी म्हणालो. "रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून. ती घरातच होती."

साहेब जवळच्या बाकावर बसले. पाणी मागवलं आणि स्वतःच प्यायले.

"तीस वर्षं झाली मला या खात्यात," ते म्हणाले. "लोकांना चोरून आत आणणारे पाहिले. स्वतःच्या बायकोला घरात बसवून बाहेर पाठवणारा पहिल्यांदाच बघतोय."

मग त्यांनी पुस्तक उघडलं. चुकीचा शिक्का रद्द करायला एक फॉर्म असतो. त्यात कारणाचे तीनच चौकोन आहेत : लाचखोरी, आजारपण आणि निर्बुद्धपणा.

"अनवधान नाही का, साहेब?" मी हळूच विचारलं.

"अनवधानाने शिक्का फिका उठतो. हा पाठीमागच्या चार पानांवर उमटलाय."

तिसऱ्या चौकोनात खूण झाली. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की लाचखोरी आणि आजारपण यांना कागद पुरतात, निर्बुद्धपणाला मात्र नात्यातले आणि खात्यातले नसलेले दोन साक्षीदार लागतात. संबंधित इसमाच्या हातून असं घडू शकतं, अशी त्यांची मनापासून खात्री पाहिजे.

मी हताश झालो. इतक्या घाईत, मला जवळून ओळखणारी बाहेरची दोन माणसं कुठून आणायची?

बायकोने डोळे पुसले आणि रांगेकडे वळली. "तुम्ही सगळ्यांनी आत्ता पाहिलंत. हे मुद्दाम केलं असेल, असं कुणाला वाटतं का?"

"छे!" पहिल्या नंबरवरचा ट्रक ड्रायव्हर म्हणाला. "आणा इकडे पेन." पिशवीवाल्या बाई त्याच्या आधी पोचल्या. त्यांच्यामागे एक निवृत्त मास्तर आले. ते म्हणाले, पाच मिनिटांतच माझी खात्री पटली होती, पण म्हटलं विचारल्याशिवाय कसं बोलायचं. साहेब दोनच पुरेत म्हणून सांगत राहिले, तरी फॉर्मची मागची बाजू भरली. परक्या माणसांचा माझ्यावर एवढा विश्वास बघून मी सुन्न झालो.

शेवटचं काम म्हणजे बाई तिकडे खरंच पोचल्या नव्हत्या, याची पलीकडच्या अधिकाऱ्याकडून खात्री करून घेणं. साहेबांनी स्पीकरवर फोन लावला आणि सगळी हकिगत सांगितली. पलीकडून आधी खूप वेळ हसणं ऐकू आलं. मग तो अधिकारी म्हणाला, "इथे नोंद नाही. साक्षीदार कमी पडत असतील तर आमच्याकडचे चार पाठवतो, त्यांना व्हिसा मागू नका." पुलाला रंग कोणता द्यावा यावर दोन्ही सरकारांचं अकरा वर्षं भांडण चालू आहे. माझ्या बाबतीत मात्र दीड मिनिटात एकमत झालं.

नव्या मॅडमने नवा शिक्का मारला. मारण्याआधी तिने बायकोच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. बायको पिशवी सावरत पुलावरून चक्क धावत सुटली, गुडघ्यांसकट. दुपारी फोन आला. मुलगी झाली होती आणि ताई वीस मिनिटं आधी पोचली होती. मागून मेहुणीचा रडका-हसरा आवाज येत होता. मी खिडकीतच बसून रडलो आणि लोक शिक्क्यासाठी थांबून राहिले.

नोकरी जाईल या भीतीने पुढचे पंधरा दिवस मला झोप नव्हती. मग राजधानीतून तो फॉर्म परत आला. मला उघडायचा धीर होईना, म्हणून पाकीट नव्या मॅडमनेच फोडलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचलं : "कारण मान्य. सदर कर्मचाऱ्यास नोकरीवर कायम ठेवावे. मात्र तिसऱ्या चौकोनासाठी यापुढे या इसमाच्या बाबतीत साक्षीदार घेऊ नयेत, फोटो पुरेसा आहे."