तोरसकरांचं चांदीचं पाणी

आमच्या मुलुंडच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे तोरसकर निळे होते.

सावळे नव्हेत, काळे नव्हेत, निळे. ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं असतं ना, तसा करडा रंग आणि त्यावर निळी झाक. नखांच्या मुळाशी तर शाई सांडल्यासारखी. ऐंशीच्या सुमारास आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा ते नुसते मळकट दिसायचे. पुढच्या काही वर्षांत सगळं पूर्व मुलुंड त्यांना लांबून ओळखू लागलं.

बघणाऱ्याची नजर जरा रेंगाळली की तोरसकर पेटलेच. "काय बघतंस रे? कधी माणूस बघूक नाय?" पोस्टमन, भाजीवाली, विजेचं मीटर बघायला येणारा, सगळ्यांनी हे ऐकलेलं. एका गोकुळाष्टमीला हंडी फोडायला आलेल्या टोळक्यातला एकजण हात जोडून म्हणाला, "देवा, आधी तुम्ही चढा." तोरसकरांनी बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं. पाणी ओतायचाच दिवस तो! पोरं खूश झाली, "और डालो" म्हणून नाचायला लागली आणि तोरसकर रागाने आणखी निळे झाले.

हा उद्योग त्यांनी स्वतःच स्वतःवर केला होता. कुर्ल्याच्या एका कारखान्यात ते भांड्यांना चांदीचा मुलामा द्यायचं काम करत. चांदी जंतू मारते असं तिथे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. झालं. घरी काचेच्या बरणीत चांदीच्या दोन पट्ट्या सोडायच्या, त्यांना बॅटरीच्या तारा जोडायच्या, पाणी गढूळलं की पेलाभर प्यायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक. "टायफॉइड नाय, कावीळ नाय, साधी सर्दी नाय," असं ते छाती ठोकून सांगत. ही गोष्ट खरी होती. पण आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनाही कधी सर्दी होत नसे आणि त्या चहाशिवाय काही पीत नसत.

मी शाळेत शिकवत होते, म्हणून तोरसकर मला मास्तरीणबाई म्हणत. जिन्यात गाठून बाटली पुढे करत. "घ्या. सर्दीनं नाक पुसत पुसत काय शिकवणार पोरांना?" मी नको म्हटलं की "तुमचं मरण तुम्हाला लखलाभ" असं म्हणून खाडकन दार लावत. मला त्यांचा मनापासून राग यायचा. हातीपायी धड, अकलेने धड माणूस, आणि रोज आरशात स्वतःचा रंग बदलताना बघूनही ऐकत नाही म्हणजे काय!

नाक्यावरच्या डॉक्टर वाघांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. "तोरसकर, हे त्या चांदीमुळेच. कातडीत जाऊन बसलीय ती. पिणं थांबवा."

"खुळे झालात काय? राजेमहाराजे चांदीच्या ताटात जेवायचे. ते झाले निळे?"

"ते ताट खात नव्हते हो!"

त्यावरून जे भांडण जुंपलं ते बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटनी ऐकलं. तरी डॉक्टरांनी त्यांना एका मोठ्या इस्पितळात कातडीच्या विभागात धाडलं. तिथे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका त्यांच्याभोवती जमला. कुणी नखं बघतंय, कुणी हिरड्या, कुणी डोळ्यांतला पांढरा भाग. तोरसकर शर्टाची बटणं न लावताच तिथून निघाले. "मी काय राणीच्या बागेतलं जनावर?" हे ते घरी येईपर्यंत ओरडत होते. त्यानंतर डॉक्टर वाघांच्या दवाखान्यावरून जायचं नाही म्हणून ते स्टेशनला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले.

आणि मग सुनंदाच्या मुलीचं दुखणं आलं.

सुनंदा पहिल्या मजल्यावर राहायची. नवरा आखातात नोकरीला. तीन वर्षांची पोर सारखी तापायची. उतरला म्हणेपर्यंत पुन्हा ताप. औषधं, अंगारे, दृष्ट, सगळं करून झालेलं. एका रविवारी सकाळी ती पोरीला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "तोरसकरकाकांकडे चल ना माझ्याबरोबर. ते पाणी मागते. निदान त्यांना ताप तरी येत नाही."

मी तिला हरतऱ्हेने समजावलं. ती ऐकेना. एकटी गेली तर घेऊनच येईल, या भीतीने मी तिच्याबरोबर खाली गेले.

तोरसकर पेपर वाचत होते. सुनंदा म्हणाली, "काका, तुमचं ते पाणी द्याल? चमचाभरच. हिच्यासाठी."

इतकी वर्षं हा माणूस बाटली घेऊन आमच्या मागे लागला होता. पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून मागत होतं. मला वाटलं, आता हा अख्खी बरणीच देणार.

"चालती हो!" तोरसकर असे ओरडले की पोर दचकून रडायला लागली. "अक्कल गहाण ठेवलंस काय गो? हे थोबाड बघ माझं! आज बघूक देतंय, नीट बघ!" त्यांनी बनियन वर केलं. पोटाचा रंग बराच उजळ होता. "हा रंग होता माझा. ऊन लागलं तिथे तिथे आतली चांदी काळी पडली. साबण लावून जात नाय, लिंबू घासून जात नाय. मरेपर्यंत जायचा नाय. पोरीचं तोंड असं करूचा हा तुका?"

सुनंदा मटकन खालीच बसली. तोरसकरांनी रडणाऱ्या पोरीच्या कपाळाला हात लावला आणि ते आणखी भडकले. "ही भाजतेय आणि तू पाणी मागत फिरतंस? ऊठ!"

रिक्षा त्यांनीच थांबवली. डॉक्टर रविवारी दवाखान्यात नसत, म्हणून थेट त्यांच्या घराची बेल दाबून धरली. दार उघडताच तोरसकर म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. चांदीनंच झालं. आता एक शब्द बोलू नका आणि पोरीला बघा."

डॉक्टर खरंच एक शब्द बोलले नाहीत. पोरीच्या घशात गाठी सुजून त्यात पू झाला होता. पुढे त्या गाठी काढाव्या लागल्या आणि तिचा ताप थांबला.

ती घरी आल्यावर सुनंदा शिरा घेऊन तोरसकरांकडे गेली, मीही होते. बरणी माळ्यावर गेली होती. सुनंदाने सरळच विचारलं, "काका, तुम्हाला कळलं होतं ना? मग पीत का राहिलात?"

मला वाटलं, आता ओरडणार. पण ते शिऱ्याच्या वाटीकडे बघत बसले.

"कुर्ल्याला खोलीत एकटा होतो," ते म्हणाले. "टायफॉइड झाला. कळशीतलं पाणी संपलं, उठून नळापर्यंत जाता येईना. हाक मारायची तर आवाज फुटेना. दाराबाहेरून माणसं येत-जात होती, बोलत होती. सगळं ऐकू यायचं. तुझ्या पोरीला ताप आला तर तू आहेस. निळा तर निळा, म्हटलं, पण पुन्हा तसं पडायचं नाही."

सुनंदाने शिरा खाल्ल्याशिवाय वाटी परत घेणार नाही एवढंच बजावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले तेव्हा तोरसकर पहिल्या मजल्यावर, सुनंदाच्या दारात उभे होते. तिच्या हातात ते आपल्या खोलीची किल्ली देत होते.

"माझ्या दाराबाहेर दुधाची बाटली तशीच दिसली," ते अगदी हळू म्हणाले, "तर हाका मारत बसू नकोस. आत ये."