लांब नळीचा हट्ट

"आखूड नळीची रायफल म्हणजे पोरांचं खेळणं!" व्हर्लिन टटलने बंदुकांच्या दुकानात ठणकावून सांगितलं. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याच्या शिकारीच्या सोडतीत दरवर्षी हात हलवत परतल्यावर यंदा कुठे त्याला एल्क, म्हणजे सांबरासारखं थोरलं हरीण, मारायचा परवाना लागला होता. हिवाळाभराचं मटण आणि गावातली इज्जत, दोन्ही पणाला लागली होती.

मेहुणा क्लेटन म्हणाला, "दाजी, आपण दाट झाडीत जाणार. तिथे आखूडच बरी."

"तू गप्प बस! डोंगरापलीकडचा एल्क टिपायला लांब नळीच लागते!"

पहिल्याच सकाळी एल्क दिसला. डोंगरापलीकडे कुठला, समोर उभा! घोड्यावरून उतरून व्हर्लिनने खोगिराच्या म्यानातून रायफल उपसली. उपसतोय, उपसतोय, ती संपेचना! वळवली, तर नळी पाइनच्या फांदीत अडकली. चिडून हिसका दिला, तसा फांदीवरचा सगळा बर्फ कॉलरमधून पाठीत! एल्कने हा तमाशा सावकाश पाहिला आणि निघून गेला. क्लेटन घोड्याच्या गळ्यात पडून हसत होता.

"हसतोस काय, गाढवा!"

व्हर्लिन तणतणत घरी आला आणि त्याने करवत काढली. बायको इमोजीन धावत आली. "अरे, डोकं शांत कर! आधी बघ तरी, त्या टोकाला..."

"मला शिकवू नकोस!"

कायद्याला चालेल एवढी लांबी त्याने मोजली आणि दातओठ खात उरलेली नळी कापून टाकली.

मोसमाचा शेवटचा दिवस. पुन्हा एल्क, पुन्हा समोर! रायफल झटक्यात खांद्याला आली. व्हर्लिनने एक डोळा मिटला. मागची खाच दिसली. पुढे मात्र काहीच नाही! ज्यावर नेम धरायचा तो मणी नळीच्या टोकावर असतो, आणि टोक तर घरी! संतापून त्याने अंदाजानेच गोळी झाडली. एक पाइन जखमी झाला. एल्क गेला तो गेलाच.

क्लेटनने जेवणाचा डबा पुढे केला. "ताईने दिलाय, दाजी."

डब्यात सँडविचशेजारी कागदी रुमालात नीट गुंडाळलेला नळीचा तुकडा होता. वर मणी चकाकत होता.

"म्हणजे हिला ठाऊक होतं!" व्हर्लिन गरजला. "मग बोलली का नाही?"

"बोलतच होती म्हणे. तुम्हीच म्हणालात, मला शिकवू नकोस!"

व्हर्लिनने रागारागाने सँडविचचा लचका तोडला. आत नुसतं चीज होतं. हिवाळाभर तेच असणार होतं.