तीर नाय, भाला!

आमच्या माकुणसारचे जगूदादा कुणाच्याही घरी गेले की आधी काठी शोधतात. छत्रीची दांडी, झाडूचा दांडा, काहीही चालतं. एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवायची आणि निकाल द्यायचा, "वाकडी हाय. फेकली तर सरळ जानार नाय." माझ्या नव्या छत्रीलाही त्यांनी नापास केलंय.

बोईसरच्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेला, आता घरी भाले-बाण तासत बसणारा हा माणूस. इतिहासाचा शिक्षक मी. तरी आदिमानवाच्या हत्यारांचा विषय निघाला की गाव त्यांच्याकडे धावतं. मी जळतो. उगाच दुसरा शब्द कशाला वापरू?

शाळेच्या कपाटात मला वैतरणेकाठी सापडलेला टोकदार दगड आहे. त्याला 'बाणाचे टोक' अशी चिठ्ठी मीच चिकटवलेली. प्रदर्शनाला मुख्याध्यापकांनी दादांना बोलावलं. त्यांनी दगड तळहातावर तोलला.

"गुरुजी, बानाचा नाय हा. जड हाय. भाल्याचा. मानसानं आधी भाला फेकला, मग आकडीच्या काठीनं हात लांब केला. कामठा न् बान त्याच्या मागनं आले."

लगेच मैदानात जाऊन त्यांनी टोकाला आकडी असलेल्या काठीला सोबत आणलेल्या भाल्याचं बूड टेकवलं आणि भाला असा भिरकावला की तो थेट कुंपणाशी. माझ्या तासाला जांभया देणारी पोरं नाचायला लागली.

"काय मोठा तीर मारला!" मी पुटपुटलो.

शेजारी उभी असलेली पोरगी म्हणाली, "सर, तीर नाय, भाला!"

त्यानंतर महिनाभर मी दादांची चूक शोधत होतो. सापडली. त्यांच्या ओटीवर बाण ओळीनं टांगलेले, सगळे आखूड. बाण ओढणाऱ्याच्या हाताच्या मापाचा लागतो, एवढं मीही वाचलं होतं. फूटपट्टी घेऊनच गेलो.

"दादा, हे तुमच्या हाताला पुरायचे नाहीत. माप चुकलं."

"माज्या मापाचे नायच ते. हिच्या मापाचे हायेत."

आत खाटेवर वहिनी होत्या. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता.

"डॉक्टर बोलले, हात चालवा. चेंडू दिला, तो तिनं फेकून दिला. कामठा मातर धरते. हात जेवडा मागं जातो, तेवडाच बान करतो."

मी ओळ नीट पाहिली. प्रत्येक बाण आधीच्यापेक्षा बोटभर लांब. माझ्या हाताचं असं माप कधी कुणी घेतलं नव्हतं. मी पुन्हा जळलो.

शेवटचे दोन मात्र पुन्हा आखूड होत गेले होते.

"फूटपट्टी आनलीच हाय तर धरा जरा," हातातली नव्या बाणाची काडी तासत दादा म्हणाले. "आजून बोटभर कापायची हाय."