टकटकवाल्या सिस्टर

नर्सिंग शिकवणाऱ्या सिस्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पांढरी साडी, गोड हसू, कपाळावर थंड हात असलं काहीतरी आलं असेल. पुसून टाका. आमच्या चुरी सिस्टरांची साडी तेवढी पांढरी होती. बाकी सगळा तापलेला तवा.

ऐंशीच्या सुमारास पालघरच्या एका दवाखान्यात आम्ही बाराजण शिकायला होतो. दर मंगळवारी सिस्टरांचा नीतीचा तास. वर्गात नाय, वॉर्डात! पेशंटच्या लोखंडी खाटेवर आधी टकटक करायचं, "येऊ का?" विचारायचं, मगच पुढं व्हायचं. "खाट म्हणजे सध्या त्याचं घर हाय. तुमच्या घरात कोण न विचारता शिरून चादर ओढतं काय रे?"

खाटेच्या नंबरानं पेशंटला हाक मारली की भडकाच. "सात नंबर? सात नंबर चपलेचा असतो!" एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले नि म्हणाले, "बोईसरचा तो हर्निया कुठाय?" सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हर्निया संडासला गेलाय. हर्नियाची बायको बाहेर रडत बसलीय. तिला काय सांगू?" डॉक्टर लाल. सिस्टर त्याहून लाल.

मी नकल्या. सिस्टरांची नक्कल तर रोजचीच. पण त्या दिवशी चहाच्या वेळी वऱ्हांड्यात मी सात नंबरच्या आजीची केली. डोंगराकडची आजी, पायाला ही एवढी जखम. दिवसभर घरी जायचा एकच धोशा, "माना घरा जाव दे रं!" मी कमरेत वाकून, बोळक्या तोंडानं अस्सं केलं की पोरांनी चहा सांडला. खिडकीपलीकडेच आजीची खाट होती, हे माझ्या डोक्यातच नाय.

आजीनं गाठोडं बांधलं. ड्रेसिंगला हात लावू देईना. "नाय ऱ्हायची मी. हसतात माना." तशीच घरी गेली असती तर पाय गेला असता. कदाचित आजीही.

सिस्टरांनी मला कान धरून खाटेपाशी आणलं. "कर टकटक."

केली. "येऊ का, आजी? चुकलो मी."

आजीनं गाठोडं आणखी जवळ ओढलं.

"नाव विचार, बैला!"

तीन आठवडे तिचा आवाज घोटत होतो, आणि नाव ठाऊक नव्हतं. विचारलं.

"जानी," आजी कशीबशी म्हणाली. मग गाठोड्यावरचा हात न काढता सिस्टरांकडे वळली. "नि तुजा काय गं?"

सिस्टर गडबडल्या. घरी, पालघरजवळच्या माहीमला, एकट्याच राहायच्या. दवाखान्यात एकोणीस वर्षं सगळ्यांच्या नुसत्या सिस्टर. आम्हालाही नाव माहीत नव्हतं.

"इंदू," त्या एकदम हळू म्हणाल्या.

आजीनं गाठोडं बाजूला सरकवलं, खाटेवर जागा केली. "बस गं, इंदू."

त्या बसल्या. आजीनं पाय पुढं केला.

बाहेर आल्यावर माझी जी काढली! "दुखणाऱ्या माणसावर दात काढतोस? उद्या तुझ्या हातात लोकांचे जीव द्यायचे आम्ही? लाज नाय वाटत?" बोलता बोलता थांबल्या. इकडंतिकडं बघितलं.

"कशी रे म्हणाली ती? बस गं..."

मी घाबरत वाकलो, तोंड बोळकं केलं. "बस गं, इंदू."

सिस्टर खांबाला टेकून उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जोरात खेकसल्या, "नक्कल करायची नाय म्हणून आत्ताच सांगितलं ना तुला, गाढवा!"