दर सातवा माणूस

मैदानावर तीन स्टेज होते. पाण्याचे नळ चौदा, त्यांतले चालू नऊ. खाण्याचे स्टॉल बावीस, तात्पुरती स्वच्छतागृहं चाळीस, गेटं दोन, आणि शनिवारी सकाळी दहापर्यंत आत आलेली माणसं दोन हजार एकशे सहा. दोन नंबरच्या गेटापासून चाळीस पावलांवर निळी छत्री एक, टेबल एक, खुर्च्या पाच, दोरीने पेन बांधलेली पुठ्ठ्याची पॅडं चार, कोरे फॉर्म तीनशे बारा आणि आत्या एक.

ही सगळी मोजणी दशांशची. तिचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. सर्वेक्षणं करणाऱ्या त्या कंपनीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांच्या अहवालातलं ‘जवळपास निम्मे’ खोडून ‘४८.७ टक्के’ केलं होतं. तेव्हापासून ती दशांश. संख्याशास्त्राची पदवी ताजी होती, नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती आणि ते तीन महिने येत्या सोमवारी संपत होते.

“दोन दिवसांचा संगीत महोत्सव आहे,” साहेब म्हणाले होते. “आलेल्या लोकांचे अनुभव गोळा करायचे. तीनशे फॉर्म. पण मागच्या वर्षीसारखं ‘संमिश्र प्रतिक्रिया’ वगैरे नको. आयोजक वैतागलेत. त्यांना एकच ठळक गोष्ट हवीय. काय काढून टाकलं की पुढच्या वर्षी लोक खूश होतील, बस. ते आणलंत की सोमवारी तुम्हाला कायम करतो. नाही आणलंत, तर...” उरलेलं वाक्य साहेबांनी पंख्याकडे बघून पूर्ण केलं.

“तीनशे बारा छापलेत, सर. चार टक्के खराब होतात असं धरलंय. आणि समोरून जाणारा दर सातवा माणूस निवडणार. आपल्याला आवडेल तो चेहरा निवडला की निष्कर्ष वाकडा येतो. यात चूक व्हायला जागाच नाही.”

आत्या बरोबर आली, कारण पास दोघींचा होता आणि घरातल्या बाकी सगळ्यांना त्या शनिवार-रविवारी एकाएकी कामं निघाली होती. आत्याने मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाली तरी चार माणसं कुठे वाकडीतिकडी उभी दिसली की तिचा जीव खाली-वर व्हायचा. घरचा फोटो काढतानाही ती सगळ्यांना उंचीप्रमाणे नाही, आल्या वेळेप्रमाणे उभं करायची.

“तू फक्त बस,” दशांशने तिला सांगितलं. “काही करू नकोस.”

“मी काय करणारे,” आत्या म्हणाली.

पहिले तीन तास फार वाईट गेले. दशांश एक ते सात मोजायची, सातव्या माणसासमोर जाऊन म्हणायची, “नमस्कार, चार मिनिटं आहेत का?” आणि सातवा माणूस चालता चालता म्हणायचा, “नको, आमचं घेऊन झालंय.” एकाने ती बोलायच्या आधीच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एक बाई फॉर्म घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांनी तो गवतावर पसरून त्यावर बसलेल्या दिसल्या. एक वाजेपर्यंत फॉर्म झाले अकरा. त्यातला एक सावली हवी म्हणून भरलेला.

“तू माणसांच्या मागे धावतेस,” आत्या म्हणाली. “एकतीस वर्षांत मी खुर्चीतून उठले नाही.”

“तुझ्या खिडकीवर आजारी माणसं यायची, आत्या. त्यांना गरज होती.”

“बरं. मग मोजायचं तरी माझ्याकडे दे. तू पाणी पिऊन ये.”

दशांश नळावर गेली. चालू नळांवर गर्दी होती, वीस मिनिटं गेली. परत आली तेव्हा छत्रीसमोर सात-आठ माणसं थांबली होती. आत्या खुर्चीत बसून बोट दाखवत सांगत होती, “तुम्ही नाही. तुम्ही नाही. तुम्हीही नाही.”

दशांश मनात मोजायची. आत्या मोठ्याने मोजत होती. फरक एवढाच होता.

“मी का नाही?” एका दाढीवाल्याने विचारलं. तो खरं तर स्वच्छतागृहाकडे निघाला होता.

“तुमचा नंबर नाही.”

“मग कुणाचा आहे?”

“ह्यांचा,” आत्याने त्याच्या मागच्या माणसाकडे बोट केलं. “या. छत्रीच्या मागे बसा.”

खुर्च्या छत्रीच्या मागे होत्या. लिहिणाऱ्याला सावली मिळावी आणि कुणी डोकावू नये म्हणून दशांशनेच त्या तिथे मांडल्या होत्या. दाढीवाल्याने तो माणूस छत्रीमागे नाहीसा होताना पाहिला. मग तो मुकाट्याने वळसा घालून परत आला आणि शेवटी उभा राहिला.

“नीट उभे राहा,” आत्या म्हणाली. “एकामागे एक.” कुणाच्या तरी तंबूची जादा दोरी तिने कधीच पैदा केली होती.

संध्याकाळी फॉर्म झाले होते एकशे अठरा आणि रांगेत चाळीस माणसं होती. आयुष्यात पहिल्यांदाच दशांशला लोक स्वतःहून आकड्यांकडे येताना दिसत होते. घरी जाताना ती आत्याला म्हणाली, “पद्धत बरोबर असली की असं होतं बघ.”

रविवारी सकाळी दहाला त्या दोघी पोचल्या तेव्हा रांग आधीच लागलेली होती. माणसं एकशे तीस. दोरी संपली होती तिथून पुढे लोकांनी स्वतःच्या चपला मांडून रांग आखली होती.

आता दशांशने कागद घेऊन हिशेब केला. सातांतला एक छत्रीमागे जातो. उरलेले सहा रांगेच्या शेवटी जातात. म्हणजे पुढून सात कमी झाले की मागे सहा वाढतात. त्यात शनिवारी चार मिनिटांत होणारा फॉर्म आता अकरा मिनिटं घेत होता, कारण दोन-दोन तास उभी राहिलेली माणसं कागदाच्या मागच्या बाजूलाही लिहीत होती. नवीन एक माणूसही आला नाही तरी ही रांग दुपारपर्यंत निम्मीसुद्धा होणार नव्हती. आणि नवीन माणसं तर येतच होती.

“आत्या, ही रांग मोड.”

“लागलेली रांग मोडायची नसते,” आत्या म्हणाली. “माणसांचा विश्वास उडतो.”

दशांश स्वतः खुर्चीवर चढली. “ऐका, मंडळी. इथे काहीही मिळत नाही. हा फक्त फॉर्म आहे. नऊ प्रश्न आहेत. तुम्ही गाणी ऐकायला जा.”

रांग शांतपणे ऐकून घेत होती.

“असं सांगायला लावतात त्यांना,” मधली एक बाई मागच्याला म्हणाली. “नाहीतर गर्दी होते.”

“निवडलेल्यांना स्टेजच्या मागे नेतात म्हणे.”

“छत्रीमागे गेलेला एकजण तरी परत येताना पाहिलात का?”

परत येत नव्हते, कारण मागून बाहेर पडायची वाट जवळची होती. आणि बाहेर पडलेले खरं सांगतील म्हणावं, तर तीन तास तिष्ठून आपण फक्त फॉर्म भरला हे कबूल करायचं कुणाच्या जिवावर येत नाही? “कसं होतं?” असं विचारलं की ते म्हणत, “छान. जाऊन बघा एकदा.”

मग दशांशने विचार केला, सरसकट वाटून टाकू. पद्धत मोडेल, पण मैदान तरी मोकळं होईल. तिने गठ्ठा उचलताच नारिंगी टोपी घातलेला एक माणूस पुढे आला.

“ताई, हे बरोबर नाही. मी पाच वेळा ‘तुम्ही नाही’ ऐकलंय. आणि आता उभं राहिल्या राहिल्या यांना देणार?”

“सहा वेळा,” आत्या म्हणाली. “चेहरे लक्षात राहतात माझ्या.”

“बघा. काकूंना माहितीय.”

रांगेतून संतापाची एक लाट मागपर्यंत गेली. दशांशने गठ्ठा खाली ठेवला.

दुपारपर्यंत लोकांना सातचा पाढा कळला होता. आपण सहावे आहोत असं दिसलं की माणूस एकदम सज्जन व्हायचा आणि मागच्याला म्हणायचा, “तुम्ही व्हा पुढे.” मागचाही मोजून बसलेला. “छे छे, आधी तुम्ही होतात.” एवढं सौजन्य दशांशने उभ्या जन्मात कुठल्या रांगेत पाहिलं नव्हतं. त्या सौजन्यापायी एका फॉर्ममागे आणखी तीन मिनिटं जायला लागली, तेव्हा आत्याने दरडावलं, “पुढे-मागे होणाऱ्याचा नंबर रद्द.”

टोपीवाला आठव्यांदा परत गेला. जाता जाता त्याने दशांशला सांगितलं, की संध्याकाळी पाचला ज्यांचं गाणं आहे त्या चौघांचे आजवरचे चौदाही कार्यक्रम त्याने पाहिलेत आणि हा पंधरावा. शुक्रवारी रात्री नऊ तासांचा प्रवास करून तो आला होता.

पाच वाजले. मोठ्या स्टेजवर ड्रम वाजले, गिटार वाजली.

“अहो, तुमचं सुरू झालं,” दशांशने रांगेत जाऊन त्याला हलवलं. “जा ना.”

“ऐकू येतंय मला,” तो म्हणाला. “दिसत नाही एवढंच. आणि माझ्या पुढे आता दोनशे एकोणऐंशीच आहेत. मी दोनशे ऐंशीवा. चाळीस साती दोनशे ऐंशी. आज तरी सोडणार नाही.”

तिने मान उंच करून पाहिलं. मोठ्या स्टेजसमोर माणसं होती एकशे साठ. निळ्या छत्रीसमोर होती नऊशेच्या वर. नऊशेनंतर तिने मोजणं सोडलं. तिच्या आयुष्यातली ती पहिली अपुरी मोजणी.

दुसरं गाणं संपलं आणि गायकाने डोळ्यांवर हात धरून मैदान न्याहाळलं. मग तो माइकवर म्हणाला, “मंडळी, त्या निळ्या छत्रीपाशी काय आहे?”

त्याने विचारायला नको होतं. एकशे साठ माणसांनी एकदम वळून पाहिलं. त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं, की आपल्याला न मिळालेलं असं काहीतरी या मैदानावर आहे. एका मिनिटात स्टेजसमोर उरले दोघं, आणि त्यातला एक झोपलेला.

थोड्या वेळाने दोन काठ्या हातात घेतलेला, घामाने भिजलेला माणूस थेट टेबलाशी आला.

“मी ड्रम वाजवतो,” तो म्हणाला. “आमचे प्रेक्षक...”

“मागे जा,” आत्या म्हणाली. “नंबराने या.”

“नाही, पण मी स्टेजवरून...”

“सगळे कुठून ना कुठून आलेत. मागे.”

केसपेपरच्या खिडकीवर हा आवाज एकतीस वर्षं चालला होता. ड्रमवाल्यापुढे न चालायला काय झालं? तो मागे गेला. पुढची दोन गाणी ड्रमशिवाय झाली. मागून कुणीतरी त्याला ओळखलं, आदराने हातोहात पुढे सरकवलं, आणि तो जेव्हा आत्यासमोर आला तेव्हा आत्याने बोट केलं, “पाच, सहा. तुम्ही नाही.”

सहा चोपन्नला एकच फॉर्म उरला. तो टोपीवाल्याला मिळाला. छत्रीमागे जाताना त्याने टोपी काढून हातात घेतली. खुर्चीत बसला, चारी बाजूंना पाहिलं, कागद उलटा करून पाहिला.

“एवढंच?” त्याने विचारलं.

“एवढंच,” दशांश म्हणाली. “मी सकाळी खुर्चीवर चढून सांगितलं होतं.”

स्टेजवरचे दिवे बंद होत होते. त्याने तिकडे पाहून टोपी परत घातली. मग त्याने चौथा प्रश्न वाचला: दोन दिवसांत सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला?

“याला जागा कमी आहे,” तो म्हणाला. “जोडकागद मिळेल का?”

घरी दोघींनी मिळून फॉर्म मोजले. दशांशने बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा आकडा तोच आला.

“ही उत्तरं ‘इतर’मध्ये घाल,” आत्या म्हणाली. “आम्ही नाही का घालायचो? कोण बघतं?”

“मी बघते, आत्या.”

“नोकरी जाईल गं तुझी.”

“हो. पण आकडा बरोबर आहे.”

सोमवारी साहेबांनी अहवाल उभ्यानेच वाचला. “तिसरा प्रश्न, सर्वांत आवडलेली गोष्ट. ‘आत्या’, एकोणीस. हे कोणत्या बँडचं नाव?”

“बँड नाही, सर.”

“चौथा. सर्वांत जास्त त्रास. ‘निळ्या छत्रीसमोरची रांग’. तीनशे अकरापैकी दोनशे सत्त्याऐंशी. ९२.२८ टक्के.” साहेबांचा आवाज उजळला. “इतकं ठळक तर मी अजून पाहिलं नाही. कुणाची होती ही छत्री?”

“आपली, सर.”

“आपली म्हणजे?”

“माझी.”

साहेब बसले. त्यांनी आयोजकांना फोन लावला आणि अर्धा तास फक्त “हो... हो... नाही, कळतंय मला” एवढंच बोलले. फोन ठेवल्यावर त्यांनी दशांशकडे न बघता पंख्याकडे बघितलं.

“ते खूश आहेत. काय काढून टाकायचं हे पहिल्यांदाच कळलं म्हणतात. आणि रांग लावणाऱ्या त्या बाईंचा नंबर मागितलाय. पुढच्या वर्षी गेटवर हव्यात.”

“आणि मी, सर?”

“शब्द दिला होता मी. कायम केलंय. पण बाहेरचं काम नाही. तुमचं टेबल आजपासून मागच्या खोलीत, कपाटाच्या पलीकडे.”

दशांश मागच्या खोलीत गेली. बॅग ठेवली, खुर्ची पुसली, आणि बॅगेतून पट्टी काढून टेबलाच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. बासष्ट सेंटिमीटर. टेबलासमोर एक माणूस उभा राहू शकतो. त्याच्यामागे दुसरा मावत नाही.