गवती चहा आणि माझ्या हाताचा गुण

मुलीच्या बाळंतपणासाठी बायको पंधरा दिवस तिच्याकडे गेली आणि जाताना गॅलरीतली गवती चहाची कुंडी माझ्या हवाली करून गेली.

"एक दिवसाआड पाणी आणि भरपूर ऊन. एवढं जमेल ना?"

एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला हा प्रश्न! मी म्हणालो, "अगं, गवत ते. न लावताही उगवतं." (कागद-फायली सोडून आयुष्यात मी काहीही वाढवलेलं नाही, हे तेव्हा आठवलं नाही.)

पहिल्याच सकाळी ती करते तसा, दोन पाती चुरगाळून चहा केला. वास अगदी तोच आला. पण समोरची खुर्ची रिकामी होती, आणि "साखर पुरे" म्हणून डोळे वटारणारं कुणी नव्हतं. चहा तसाच गार झाला.

मग मी सगळी माया त्या कुंडीवर ओतली. सकाळ-संध्याकाळ मगभर पाणी. ऊन लागू नये म्हणून चपलांच्या कपाटाआड जागा. दहा दिवसांत पाती पिवळी पडली आणि बुंधे लिबलिबीत झाले.

रविवारी फोन आला. "नात झाली ते कळवलंच. गवत कसं आहे?"

"झकास!" मी म्हणालो. (लग्नाच्या एकोणतीस वर्षांत मिळालेलं पहिलं स्वतंत्र खातं. त्यात नापास झालो असं कसं सांगणार?)

"बरं झालं बाई. त्याचीच काळजी होती म्हणून निघणार होते. आता राहते महिनाभर."

पुढच्या महिन्यात मी गवत 'डेरेदार' असल्याचं कळवलं. तिने मुक्काम वाढवला. त्यानंतर 'हिरवंगार'. मुक्काम पुन्हा वाढला. चौथ्या महिन्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (आमच्या विभागाच्या मानाने हे तातडीचंच.) गवत मेलं तर ती येईल!

पण नुसतं पिवळं गवत दाखवून भागणार नव्हतं. मी कात्री घेतली, चार बोटं बुडखे ठेवून सगळं भादरलं, कुंडी रणरणत्या उन्हात कठड्यावर ठेवली, पाणी बंद केलं आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'संपलं सगळं.'

लगेच फोन वाजला. "अय्या, छाटणी केलीत? आणि उन्हातही ठेवलंत! छाटणीचं मी सांगायचंच विसरले होते. आता मी निश्चिंत. नातीला दात आले की येते."

दात! नात जेमतेम तीन महिन्यांची होती.

त्यात वळवाच्या दोन सरी पडल्या आणि तीन आठवड्यांत कुंडीत रान माजलं. फुटव्याला फुटवे. मी रोज सकाळी त्यांच्याकडे बघत कोरडी बिस्किटं खायचो. चहा करायचं सोडूनच दिलं होतं. तो वास आला की घर आणखी रिकामं वाटायचं.

रविवारी तिने विचारलं, "गवत कसं आहे?"

'मस्त' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "करमत नाही गं."

"कुणाला, गवताला?"

"मला."

मग ती म्हणाली, "हे पहिल्याच रविवारी सांगायला काय झालं होतं? मी बॅग भरून बसले होते."

गुरुवारी ती आली. आल्या आल्या चहा टाकला. मी साखरेच्या डब्याला हात घातला आणि तिने डोळे वटारले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (वाफेमुळे, असं मी सांगितलं.)

कप घेऊन ती गॅलरीत गेली आणि कुंडीपाशी थबकली. "अहो, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

एकोणतीस वर्षांतलं पहिलं कौतुक. छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटली.

"केवढे फुटवे आलेत! कुंडीत मावत नाहीयेत. निम्मे काढून मुलीच्या अंगणात लावून येते. शनिवारीच निघते."

"आणि परत कधी?"

"लगेच. पंधरा दिवसांत."