दहा मीटर दोरी

माझ्या यादीत चूक सापडत नाही! तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यापासून मी यादीवाचून उंबरठा ओलांडलेला नाही. तप्तेश्वरच्या गरम कुंडाच्या सहलीसाठी तर एकवीस नोंदी होत्या. ऐनवेळी एकच खोडावी लागली : 'सोबतीस बंकटराव'. या जुन्या मित्राला नातीने थांबवून घेतले.

बीडहून निघून, दोन बस बदलून मी डोंगरातल्या त्या हेमाडपंती कुंडाशी पोहोचलो. भक्तनिवासाचे व्यवस्थापक अंगद यांनी मला भेग पडलेल्या बॉयलरसारखे न्याहाळले.

"आबा, एकलेच?"

"एकटाच."

"घरी कोन असतंय?"

"कोणीही नाही. मुलगा पुण्यात."

"एकल्या माणसाला खोली देत न्हाई आमी. नियम हाय."

नियम म्हटल्यावर मला त्यांच्याविषयी आदरच वाटला! "खुशाल तपासा," म्हणत मी पिशवी उघडली. प्रथम दहा मीटर नायलॉनची दोरी निघाली. मग चाकू. मग बंद पाकीट, त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात : 'माझे काही झाल्यास उघडावे.'

अंगद मटकन खाली बसले. "वत्सलाबाई, पळा! आबा भलत्याच इचारानं आलेत!"

स्वयंपाकघरातून वत्सलाबाई लाटण्यासह धावत आल्या.

"अहो, दोरी टॉवेल वाळवायला! चाकू पेरूसाठी! पाकिटात रक्तगट आहे!"

"समदे असंच म्हनतेत," म्हणून वत्सलाबाईंनी दोरी काखेत मारली.

खोली मिळाली, पण आतली कडी काढून! कुंडात उतरलो, तर काठावर पाच जणांचा पहारा. "आबा, मुंडकं वर ठिवा!" माझे दुःख हलके करण्यासाठी प्रत्येकाने स्वतःचे सांगितले, एकाची तर म्हैसच गेली होती. जेवताना वत्सलाबाई शेजारी बसल्या.

"लई दिस झाले का हो, कुनासंगं जेवून?"

मी मनात मोजले. एकशे चौदा. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

पाकीट फोडून दाखवले असते, तर गैरसमज तत्क्षणी मिटला असता. मी ते मांडीखाली सरकवले.

तेवढ्यात अंगदांनी मुलाचा नंबर मिळवून त्याला कळवले. दुसऱ्या दिवशी सत्यम धापा टाकत हजर! नाश्त्यालाही मी मांडीखाली ठेवलेले पाकीट त्याने ओढून फोडले.

"बी पॉझिटिव्ह? एवढंच? बाबा, मी रात्रभर गाडी चालवलीय!"

"नाश्ता करून जा," मी म्हणालो.

"मीटिंग आहे," म्हणत तो गाडीत बसला. पहारेकरीही पांगले. वत्सलाबाईंनी दोरी नीट गुंडाळून परत दिली.

पुढच्या वर्षीची यादी तयार आहे. सोबतीस : कोणी नको. दोरी : पंधरा मीटर. टॉवेल : एक.